इंद्रभानच्या रक्तातलं ऊन

इंद्रभान शेळ्या घेऊन रानातून परत आला तेव्हा मारुतीच्या पारावर निम्मी वाडी गोळा झाली होती. भिंतीवर एक कागद डकवला होता आणि लोक दहावीचा निकाल बघावा तसे त्याच्यावरून बोट फिरवत होते. इंद्रभानला वाचता यायचं, पण सावकाश. तो पहिल्या ओळीशी झगडत होता तेवढ्यात उपसरपंच अप्पाराव म्हणाला, "इंद्रभान, तुझा डी सात हाये."

"माझा काय सात हाये?"

"डी. रक्तातला."

वाडी हसनाबादपासून चार किलोमीटरवर, गिरजा नदीच्या अंगाला. डिसेंबरात एका मेडिकल कॉलेजचं पथक तिथं येऊन गेलं होतं. हिवाळ्यातला खोकला-ताप कुणाला होतो आणि कुणाला जड जातो, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. चाळीस माणसांचं रक्त त्यांनी नेलं, दोन महिन्यांनी पुन्हा न्यायला येऊ म्हणाले, आणि त्या रक्तात ड जीवनसत्त्व किती आहे त्याची यादी वाडीच्या आशाताईकडे, सत्यशीलाकडे, मोबाइलवर पाठवली. ज्याचा आकडा त्यालाच सांगायचा, असं तिला बजावलं होतं. पण मोबाइलवर अक्षरं बारीक दिसत होती म्हणून तिनं यादी छापून आणायला अप्पारावकडं दिली, आणि अप्पारावच्या हातात सरकारी दिसणारा कागद पडला की तो भिंतीवर लागल्याशिवाय राहत नसे. पानं दोन होती. पहिलं पुरुषांचं, दुसरं बायकांचं. पहिलं डकवेपर्यंत डिंक संपला, म्हणून दुसरं त्यानं घडी घालून खिशात ठेवलं.

कागदाच्या तळाशी छापलं होतं : तीसच्या वर पुरेसे. वीसच्या खाली कमतरता. मुख्य कारण, उन्हाचा अभाव.

पुढचं सगळं त्या शेवटच्या चार शब्दांमुळं घडलं.

इंद्रभान अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्यातली चाळीस वर्षं त्यानं गावाच्या शेळ्या चारल्या होत्या. त्याचा बाप, आजा मेंढरांमागं फिरले. मेंढरं गेली, जमीन एवढीशी राहिली, मग इंद्रभाननं गावाच्या शेळ्या धरल्या. सकाळी नऊला निघायचं, दिवस बुडता परतायचं. वैशाखातसुद्धा त्यानं खाडा केला नव्हता. आणि आता भिंत म्हणत होती की त्याला ऊन मिळत नाही.

यादीत सगळ्यात वर भुजंग होता. बावन्न.

भुजंग चाळिशीचा होता आणि काहीच न करण्याबद्दल प्रसिद्ध होता. शेत त्यानं बटईनं दिलं होतं. सकाळी दहाला ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं, अंगातले कपडे काढून अर्ध्या चड्डीवर पडायचं आणि दुपारी भूक लागली की उतरायचं, हा त्याचा नेम. मधे फक्त कूस बदलायची.

"हे उलटं झालंय," इंद्रभान म्हणाला. "मी चाळीस वर्षं उन्हातच हाय."

"तू म्हणतोस," अप्पाराव म्हणाला. "रक्त न्हाई म्हणत."

कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे शेळ्या सोडून बाभळीखाली झोपत असंल." दुसऱ्याला आपल्या शेळीचं दूध दिवाळीपासून का आटलं ते एकदम कळलं. तिसऱ्याची शेळी गेल्या वर्षी लंगडत आली होती. अप्पारावच्या दोन शेळ्या जन्मापासून रोडच होत्या, पण त्यालाही आता कारण सापडलं. अंधार पडेपर्यंत वाडीतल्या प्रत्येक शेळीवर काही ना काही अन्याय झाल्याचं निघालं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली आणि शेळ्या भुजंगकडं द्यायच्या असं एकमतानं ठरलं. एकमतात फक्त भुजंग नव्हता.

"मला कामून?" तो उठून म्हणाला. "मी काहीच करत न्हाई! अख्ख्या गावाला म्हाईतंय!"

"काही न करता बावन्न येतो का कुणाचा?" अप्पाराव म्हणाला. "तू गुपचूप राबतोस, बोलून दाखवत न्हाईस, एवढाच फरक."

"आवो, मी टाकीवर झोपलेला असतो. तुमी रोज खालून जाता. मला बघता."

"आमी बघतो ते खरं का रक्त खरं?"

भुजंग पुन्हा तोंड उघडेपर्यंत त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. त्याची म्हातारी आई साळूबाई पदरानं डोळे पुसत राहिली. आपल्या लेकाचा गावात सत्कार होईल असं तिनं स्वप्नातसुद्धा बघितलं नव्हतं. तो कशाबद्दल आहे हे तिनं विचारलं नाही.

इंद्रभान त्या रात्री जेवला नाही. सकाळीही नाही. नऊ वाजता त्याचा हात सवयीनं काठीकडं गेला, मग तो काठी घेऊन नुसताच अंगणात उभा राहिला. त्याची बायको सगुणाबाई कापूस वेचायला निघाली होती. ती म्हणाली, "उभं राहून काय हुणार? जा, त्या डॉक्टरीणबाईला इचारा. ज्यांचं दुकान त्यांनाच इचारावं."

तो चालत हसनाबादला गेला. दवाखान्यात डॉक्टर तृप्ती होत्या. वय अठ्ठावीस-तीस, बोलणं थेट.

"मॅडम, हे मशीन खोटं बोललंय," इंद्रभान म्हणाला.

त्यांनी कागद बघितला. मग इंद्रभानकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. "आबा, रानात जाताना काय घालता?"

"हेच की."

हेच म्हणजे डोक्याला मुंडासं, तोंडाकानावरून गुंडाळलेलं उपरणं, मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा, घोट्यापर्यंत धोतर आणि वरून घोंगडी. उघडे होते फक्त डोळे, नाक आणि दोन पंजे.

"मग ऊन कुणाला लागतं?"

"मला."

"तुम्हाला नाही. तुमच्या घोंगडीला. घोंगडीचं रक्त काढता आलं असतं तर तिचा शंभर निघाला असता."

इंद्रभाननं घोंगडीकडं जरा रागानंच बघितलं.

डॉक्टरांनी सांगितलं की ऊन कातडीवर पडावं लागतं, तेव्हा कातडी ते जीवनसत्त्व तयार करते. वय वाढलं की कमी करते, काळीसावळी कातडी जास्त वेळ घेते, आणि कपड्यावर पडलेल्या उन्हाचा काही उपयोग नाही. भुजंग उघडा पडून असतो, म्हणून त्याचा बावन्न.

"बरं, नसला डी तर काय बिघडतं? मी चाललोय की चार किलोमीटर."

"हाडं ठिसूळ होतात. आणि दुसरं असं. शेळ्यांमागं कुत्रं ठेवता का?"

"हुतं एक. चांगलं हुतं."

"लांडगा आला तर ते काय करायचं?"

"अंगावर जायचं."

"आणि लांडगा पळाल्यावर?"

"मी आवाज द्यायचो, मंग गप बसायचं. न्हाईतर पिसाळल्यावानी शेळ्यांनाच चावंल."

"शरीरात अशीच राखण करणाऱ्या पेशी असतात. सर्दी-तापाचा विषाणू नाकातून छातीत उतरायला लागला की त्यांनी जागं व्हायचं, त्याला मारायचं औषध आपलं आपण तयार करायचं. आणि काम झालं की थांबायचं, नाहीतर त्या आपल्याच फुप्फुसाला चावतात. जागं होताना आणि थांबताना, दोन्ही वेळेला हे डी त्यांच्या उपयोगी पडतं."

इंद्रभाननं विचारलं, "मंग हे वाढवलं का ताप येणारच न्हाई?"

"येऊ शकतो. ज्यांचं फारच कमी आहे त्यांना थोडा फायदा होतो असं काही अभ्यासांत दिसलं. काही अभ्यासांत काहीच नाही दिसलं. म्हणून तर तुमचं रक्त नेलं."

"म्हंजे तुमालाबी पक्कं म्हाईत न्हाई."

"नाही."

इंद्रभानला ही बाई आवडली. निघताना त्यानं विचारलं, "मी चाळीस वर्षं उन्हात होतो असा दाखला द्याल का? शिक्क्याचा?"

"आबा, मी आजारीपणाचा दाखला देते, मेल्याचा देते. उन्हाचा नाही देता येत. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्या, सत्यशीला आणून देईल. आणि रोज अर्धा तास उघड्या अंगानं उन्हात बसा. अर्धाच तास."

परत येताना इंद्रभाननं ठरवलं. दोन महिन्यांनी पथक येणार, तेव्हा भिंतीवर असा आकडा लावायचा की गावानं तोंडात बोट घालावं. आपण कामचुकार नाही हे दाखवायला आता सगळं काम सोडून पडून राहावं लागणार होतं. हे त्याला विचित्र वाटलं, पण दुसरा रस्ता दिसत नव्हता.

घरकुलाच्या स्लॅबवर तो लंगोट लावून झोपला. ज्याचं चाळीस वर्षांचं नाव गेलं त्याला अर्ध्या तासात ते परत कसं मिळणार, म्हणून तो तीन तास झोपायचा. काठी शेजारी. खालून माणसं जायची आणि म्हणायची, "बघा, राबून राह्यला." कुणी हसत नव्हतं. वाडीत आता उन्हात पडणं हे काम होतं आणि शेळ्या चारणं हा भुजंगचा मोठेपणा.

तिसऱ्या दिवशी भुजंग स्लॅबवर चढून आला. पिंढऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या, नाक सोललेलं.

"आबा, शेळ्या ऐकत न्हाईत."

"आवाज दिला का?"

"दिला. त्या थांबतात, माझ्याकडं बघतात आन् हसतात."

"शेळ्या हसत न्हाईत."

"तुमच्यापुढं हसत नसतील."

इंद्रभान उठून बसला. त्यानं भुजंगला सांगितलं की काळ्या शेळीला पुढं घाल, बाकीच्या तिच्यामागं येतात. नदीच्या वळणाला हरभरा आहे तिथं डाव्या अंगानं उभा राहा. दुपारी बसू नकोस, बसलास की त्यांना कळतं. मग स्वतःची घोंगडी आणि मुंडासं त्याला दिलं. "हे घाल. काटा लागत न्हाई, ऊनबी न्हाई."

भुजंगनं घोंगडी पांघरली आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "तुमचा आकडा जल्दी वाढवा, आबा. मला पाठ टेकू द्या."

इकडं सत्यशीला पुड्या घेऊन आली तेव्हा इंद्रभान स्लॅबवर होता. तिनं सगुणाबाईच्या हातात दोन पाकिटं ठेवली.

"हे आबांचं. आन् हे तुमचं, मावशी. तुमचा पाच आलाय."

"पाच म्हंजे ह्यांच्यापेक्षा कमी?"

"हो. रोज कापसात असता, पण पदर, वरून ह्यांचा सदरा, तोंडाला फडकं. तुम्हाला तरी कुठून ऊन लागणार?"

"मंग गपच बस. एका घरात एक सात पुरे झाला."

सत्यशीलानं पुडी कशी घ्यायची ते नीट समजावलं आणि गेली. सगुणाबाईनं रविवारी दूध कोमट केलं, नवऱ्याची पुडी त्यात घातली, ढवळली. मग जरा थांबून आपलीही घातली. तो जेवत नव्हता, रात्री कुशी बदलत होता, शेळ्यांची नावं घेत होता. तिचा पाच असो की पंधरा, तिला कुणी विचारायला येणार नव्हतं. एक पुडी आकडा वाढवत असेल तर दोन पुड्या लवकर वाढवतील, हा हिशोब तिनं सरळ केला आणि दर रविवारी तसंच चालू ठेवलं.

फेब्रुवारीत ताप आला. हसनाबादच्या बाजारातून आला म्हणतात. वाडीत पहिला आडवा झाला तो भुजंग.

बातमी घरोघर गेली. "बावन्नला ताप आलाय!" माणसं दाराबाहेर उभी राहून आत डोकावत होती. अप्पाराव तोंडाला रुमाल लावून आला आणि खाटेशेजारी वाकून म्हणाला, "भुजंगा, असं कसं केलंस?"

"मी न्हाई केलं," भुजंग खोकत म्हणाला. "आपोआप झालं."

"बावन्नला होतं, मंग आमी चौदा-पंधरावाल्यांनी काय करायचं?"

चौदा-पंधरावाल्यांनाही झाला. काहींना झाला नाही, त्यांत एक अकरावाला होता, आणि अप्पाराव दोन दिवस यादीपुढं उभा राहून यात काही नियम सापडतो का ते बघत होता. सापडला नाही. चौथ्या दिवशी त्यालाच ताप चढला आणि शोध थांबला.

भुजंग तीन दिवसांत उठून बसला. पण त्या तीन दिवसांत शेळ्यांना कुणी वाली नव्हता. दुसऱ्या दुपारी इंद्रभान स्लॅबवर पडला असताना त्याला काळी शेळी दिसली. ती नदीच्या वळणावर होती आणि बाकीच्या तिच्यामागं सरळ हरभऱ्यात चालल्या होत्या. त्यानं डोळे मिटून घेतले. आपलं काम आता उन्हात पडणं हे आहे, असं स्वतःला बजावलं. मग तो उठला, काठी घेतली आणि लंगोटावर जिना उतरून वाडीच्या मधून पळत गेला. तासाभरानं सगळ्या शेळ्या पुढं घालून तो तसाच परत आला. बायका घरात पळाल्या, पण एकही शेळी इकडंतिकडं गेली नव्हती. ज्याचा हरभरा होता त्यानं फक्त एवढंच विचारलं, की हे आकड्यात धरायचं का नाही.

पाचव्या दिवशी सगुणाबाईचं अंग तापलं. ती म्हणाली, थकवा आहे. सहाव्या दिवशी चुलीपुढून उठताना तिला दम लागला. सातव्या दिवशी तिला वाक्य पुरं करता येईना, तेव्हा इंद्रभाननं तिला रिक्षात घालून हसनाबादला नेलं आणि डॉक्टर तृप्तींनी बोटाला यंत्र लावून बघितलं, पुढच्या मिनिटाला गाडी बोलावली. जालन्याच्या दवाखान्यात सगुणाबाईच्या नाकाला नळी लावली. ती आठ दिवस राहिली.

त्या आठ दिवसांत इंद्रभानला डी, भुजंग, शेळ्या, यातलं काही आठवलं नाही. तो खाटेशेजारी बसून मोसंबी सोलायचा. ती एक फोड खायची, बाकीच्या तो तसाच हातात धरून बसायचा. चौथ्या दिवशी डॉक्टर तृप्ती आपल्या कामासाठी जालन्याला आल्या होत्या, त्या बघायला आल्या.

"मावशी, पुड्या घेत होता ना?"

सगुणाबाईनं तोंड भिंतीकडं केलं.

"तिला कशाच्या पुड्या?" इंद्रभाननं विचारलं.

"आबा, ह्यांचा पाच होता. सत्यशीलानं दिल्या होत्या."

सगुणाबाई नाकातल्या नळीसकट हळू म्हणाली, "ह्यांच्या दुधात घातल्या."

"दोन्ही?" डॉक्टर एकदम इंद्रभानकडं वळल्या. "आबा, फार तहान लागते का? मळमळ? पोट साफ होतं?"

"तहान लागती. मला वाटलं उन्हानं."

त्यांनी तिथल्या तिथं त्याचं रक्त तपासायला दिलं. जास्त झालं की अंगात कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंड बिघडतं, हे काही चण्याफुटाण्यांसारखं खायचं नाही, असं दोघांनाही ऐकवलं. संध्याकाळी समजलं की कॅल्शियम ठीक आहे. पुड्या बंद.

त्या गेल्यावर इंद्रभाननं आणखी एक मोसंबी सोलायला घेतली. मग म्हणाला, "कामून केलंस?"

"तुमी जेवत नव्हता."

त्यानं मोसंबीची फोड पुढं केली. तिनं घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरांना फोन लावला. "एकच इचारायचंय. तिनं तिच्या पुड्या खाल्ल्या असत्या तर ही पाळी आली नसती का?"

"सांगता येत नाही, आबा. त्यांचं वय आहे, इतकी वर्षं चुलीचा धूर छातीत गेलाय, विषाणूही यंदा कडक आहे. डी त्यातली एक गोष्ट. भुजंगला सौम्य झाला, मावशींना जड गेला, पण दोन माणसांवरून नियम काढता येत नाही."

इंद्रभानला वाटलं, हो म्हणाली असती तर बरं झालं असतं, नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. त्यानं फोन ठेवला आणि आत जाऊन बायकोच्या खाटेचं डोकं हातानं जरा उंच केलं.

मार्चमध्ये पथक पुन्हा आलं, रक्त घेऊन गेलं. या वेळी निकाल बंद पाकिटांतून आले. पण वाडी म्हणाली, पहिला निकाल चव्हाट्यावर झाला तर दुसराही चव्हाट्यावरच झाला पाहिजे. पारावर सभा भरली. इंद्रभान आणि भुजंग दोघांनी आपली पाकिटं अप्पारावकडं दिली. सगुणाबाई घोंगडी पांघरून कडेला बसली होती. घरी येऊन तिला पंधरा दिवस झाले होते.

"भुजंग, एकतीस," अप्पारावनं वाचलं. मग दुसरं फोडलं आणि उभाच राहिला. "इंद्रभान, एकसष्ट!"

कुणीतरी टाळी वाजवली.

"म्हंजे बघा," अप्पाराव म्हणाला, "इंद्रभान सुधारला. दोन महिने उन्हातान्हात राबला."

"मी दोन महिने झोपलो हुतो!" इंद्रभान म्हणाला.

"आन् भुजंगला शेळ्या दिल्या तर तो सावलीत बसला. बावन्नाचा एकतीस झाला."

"मी शेळ्या चारल्या!" भुजंग ओरडला. "पायाची चाळण झाली माझ्या!"

"रक्त तसं म्हणत न्हाई."

इंद्रभानसाठी शाल आणायला माणूस पाठवला. तेवढ्यात सगुणाबाई उठली. तिला उठायला वेळ लागला, म्हणून सगळ्यांना थांबावं लागलं.

"अप्पा, मला एक सांगा. चाळीस वर्षं ह्यांची भाकर मी रानात नेली. उन्हाळ्यात, दिवाळीत, पोर पोटात असताना. हे कुठं बसतात, शेळ्या कुठं असतात, ते माझ्याइतकं कुणाला म्हाईतंय? मला कामून न्हाई इचारलं? रक्ताला कामून इचारलं?"

अप्पाराव म्हणाला, "वैनी, कागदावर..."

"कागदाचं दुसरं पान कुठंय?"

दुसरं पान अप्पारावच्या सदऱ्याच्या खिशातून धुऊन निघालं होतं, पण सत्यशीलाच्या मोबाइलवर होतं. तिनं सगळ्यांकडं बघितलं. "मी एकीचंबी नाव सांगणार न्हाई. मागं एकदा चूक झाली." मग तिनं फक्त आकडे वाचले. पाच. नऊ. आठ. चार. अकरा. सहा. वीस बायका आणि बाराच्या वर एकही नाही.

"मंग आता सांगा," सगुणाबाई म्हणाली. "कापूस कोण वेचतं? सोयाबीन कोण कापतं? वाडीतल्या सगळ्या बायका वरीसभर सावलीत बसल्यात का?"

अप्पारावची बायको मीना उठली आणि म्हणाली, "चार माझा हाये." एवढं बोलून ती घरी निघून गेली. अप्पाराव तिच्या पाठीकडं बघत राहिला आणि हातातली पाकिटं त्यानं पुन्हा पुन्हा एकावर एक लावली.

शेवटी साळूबाई म्हणाली, "मला इचारलं असतं तर मीबी सांगितलं असतं. माझा लेक काही करत न्हाई."

"तेच म्हणत हुतो मी!" भुजंग म्हणाला, आणि पहिल्यांदा सगळा पार हसला. इंद्रभानसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शेळ्या इंद्रभानच्या दारात आल्या. कुणी माफी मागितली नाही. अप्पारावनं आपल्या दोन रोड शेळ्या स्वतः आणून सोडल्या आणि त्या अजून रोडच आहेत याबद्दल एक अक्षर काढलं नाही. इंद्रभाननं शेळ्या घेतल्या, पण एक अट घातली. गुरुवारी सुट्टी. चाळीस वर्षांत त्यानं सुट्टी मागितली नव्हती, त्यामुळं नाही कसं म्हणायचं हे कुणाला सुचलं नाही. गुरुवारच्या शेळ्या भुजंगकडं आल्या. एकाच दिवसाचं काम असल्यामुळं त्यानं फारशी खळखळ केली नाही.

पहिल्या गुरुवारी अकरा वाजता इंद्रभान आणि सगुणाबाई स्लॅबवर बसले. जिन्याच्या बाजूला त्यानं साडी बांधून आडोसा केला होता. तिनं पोलक्याच्या बाह्या दुमडल्या आणि पाय पसरून गुडघ्यापर्यंत लुगडं वर घेतलं. तिच्या पोटऱ्या आणि दंड इतके गोरे होते हे त्याला माहीत नव्हतं. तो बघत राहिला.

"काय बघता?"

"काही न्हाई."

"अर्धाच तास सांगितलाय, बाईनं," ती म्हणाली. दोघं तासभर बसले.

संध्याकाळी भुजंग शेळ्या घेऊन आला. इंद्रभान खाली उतरून मोजायला लागला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

"भुजंगा, बेचाळीस हाईत आपल्या."

"हो."

"ह्या त्रेचाळीस."

भुजंग काळजीत पडला. "म्हंजे कमी तर न्हाई ना भरल्या?"

"एक जास्त हाये. ही तांबडी कुणाची?"

भुजंगनं तांबड्या शेळीकडं नीट बघितलं. दुपारभर ती आपल्यातलीच वाटत होती, असं तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी केदारखेड्याहून एक माणूस मोटरसायकलवर शोधत आला, चहा प्याला आणि शेळीला पेट्रोलच्या टाकीवर आडवं टाकून घेऊन गेला.